तीच नावे, वेगळे रान

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला असलेल्या टास्मानिया बेटावर ह्युऑन, आर्व्ह, स्टिक्स आणि फ्लोरेंटाइन या नद्यांची खोरी आहेत. पाऊस वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त. पण कोकणासारखा चार महिन्यांत कोसळून मोकळा होणारा नव्हे, तर बाराही महिने थोडाथोडा पडणारा. या ओलाव्यावर इथे एक आगळे जंगल उभे आहे. वरच्या थरात निलगिरीच्या कुळातले प्रचंड वृक्ष. त्यातल्या 'युकॅलिप्टस रेग्नन्स'ची गणना जगातल्या सर्वांत उंच सपुष्प वृक्षांत होते. आर्व्ह खोऱ्यातला 'सेंच्युरियन' नावाचा वृक्ष सुमारे १०० मीटर उंच आहे. या वृक्षांच्या खाली, त्यांच्या निम्म्याहून कमी उंचीवर, दुसरेच जंगल असते. मर्टल, ससाफ्रास, लेदरवुड आणि सेलेरी-टॉप पाइन ही थंड हवामानातल्या वर्षावनाची झाडे तिथे दाटीने वाढतात. त्यांच्याखाली वृक्षनेचे, आणि सगळ्यांत खाली मॉस, दगडफूल व कुजत पडलेले ओंडके.

एकावर एक अशी दोन जंगले असल्यामुळे टास्मानियातले वनशास्त्रज्ञ याला 'मिश्र वन' म्हणतात. गेल्या सहा दशकांत या वनांत लाकूडतोड मोठ्या प्रमाणावर झाली आणि तिच्या परिणामांचा अभ्यासही बारकाईने झाला. 'जंगल तोडले तरी ते पुन्हा येतेच' हे वाक्य जगभर ऐकू येते. ते कितपत खरे आहे, हे तपासायला या खोऱ्यांइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

आगीने लिहिलेले वेळापत्रक

मिश्र वनाचे कोडे सोडवायचे तर आगीपासून सुरुवात करावी लागते. वर्षावनाच्या दाट सावलीत निलगिरीचे रोप जगत नाही. त्याला भरपूर ऊन आणि उघडी माती लागते. मग वर्षावनाच्या डोक्यावर निलगिरीचे वृक्ष आले कुठून? फ्लोरेंटाइन खोऱ्याचा अभ्यास करून जे. एम. गिल्बर्ट यांनी १९५९ मध्ये याचे उत्तर मांडले. हे वृक्ष जुन्या वणव्यानंतर उगवलेले असतात. वणव्याने जमीन मोकळी केली, निलगिरी उगवली, झपाट्याने वर गेली आणि तिच्या सावलीत पुढची शंभर-दोनशे वर्षे वर्षावन सावकाश भरत गेले.

१९६८ मध्ये डब्ल्यू. डी. जॅक्सन यांनी हा विचार पुढे नेला. कोणत्या जागी कोणते जंगल असेल, हे दोन वणव्यांमधल्या अंतरावर ठरते, असे त्यांनी दाखवले. शंभर वर्षांच्या आत वणवे येत राहिले तर निलगिरीखाली झुडपांचे रान राहते. अंतर शंभर ते साडेतीनशे वर्षांचे असेल तर मिश्र वन तयार होते. त्याहून जास्त काळ आग आलीच नाही, तर म्हाताऱ्या निलगिरी एकेक करून कोसळतात, त्यांची जागा घ्यायला त्यांची रोपे नसतात आणि मागे निव्वळ वर्षावन उरते. म्हणजे मिश्र वन हा एका लांबलचक प्रवासाचा मधला टप्पा आहे. तो गाठायला काही पिढ्या जाव्या लागतात.

तोड, जाळ आणि पेरणी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथले तोडकरी चांगल्या खोडाची निवडक झाडे तेवढी काढून नेत. मागे राहिलेल्या रानात सावली कायम असे, त्यामुळे निलगिरीची नवी रोपे फारशी येत नसत. गिल्बर्ट आणि त्यांच्या समकालीनांच्या संशोधनाने यावर उपाय सुचवला. वणवा जे करतो ते माणसाने करावे: सगळे तोडावे, उरलेले जाळावे आणि राखेत बी पेरावे. १९६० च्या दशकापासून ही पद्धत रूढ झाली. १९७० च्या दशकात लाकडाच्या चकत्यांची म्हणजे चिप्सची निर्यात सुरू झाली आणि वाकड्या, पोकळ, हलक्या प्रतीच्या झाडांनाही गिऱ्हाईक मिळाले. सरसकट तोड आता परवडू लागली.

आपल्या वनखात्यात तोडीसाठी आखलेल्या तुकड्याला 'कूप' म्हणतात. टास्मानियातही तोच शब्द चालतो. एक कूप दहा हेक्टरांच्या काही पट मोठा असतो. उन्हाळ्यात त्यातली झाडे पाडतात आणि ओंडके यंत्रांनी ओढून एका मोकळ्या जागी आणतात. फांद्या, साली, चिरडलेली झुडपे आणि विक्रीलायक नसलेले लाकूड तिथेच वाळू देतात. शरद ऋतूत, म्हणजे तिकडच्या मार्च-एप्रिलमध्ये, हा सगळा पसारा एकदम पेटवून देतात. राख निवल्यावर हेलिकॉप्टरमधून निलगिरीचे बी टाकतात.

कोकणात भाताची रोपे करण्याआधी शेतकरी जमिनीवर कवळ, गवत आणि शेण पसरून राब भाजतो. त्याचे जे फायदे त्याला अनुभवाने ठाऊक आहेत, तेच इथे मोठ्या प्रमाणावर मिळतात. तापलेल्या मातीतून पोषकद्रव्ये मोकळी होतात, तण आणि त्याचे बी मरते, रोप जोमाने उठते. निलगिरीच्या दृष्टीने पाहिले तर ही पद्धत यशस्वी आहे, यात शंका नाही. पण गिल्बर्ट आणि जॅक्सन यांच्या संशोधनाचे दोन भाग होते. निलगिरी कशी जन्मते हा पहिला, आणि मिश्र वन किती काळाने पिकते हा दुसरा. लाकूड उद्योगाने पहिला भाग उचलला, दुसरा बाजूला ठेवला.

राखेवरची पहिली वर्षे

जळालेल्या कुपात पहिले हिरवे काय येते? मर्केंशिया आणि फ्युनारिया. आपल्या शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ब्रायोफायटा गटाची उदाहरणे म्हणून पाठ केलेली ही नावे इथे प्रत्यक्ष कामाला लागलेली दिसतात. त्यांचे बीजाणू वाऱ्यावर येतात आणि राखेने माखलेली ओली माती काही महिन्यांत हिरव्या पातळ थराने झाकली जाते. मागोमाग सूर्यफुलाच्या कुळातले 'फायरवीड' येते. त्याचे पिसांचे बी लांबून उडत येते, झाडे वर्ष-दोन वर्षे माजतात आणि निघून जातात. जमिनीखालचे खोड शाबूत राहिलेले ब्रॅकनसारखे नेचे वर डोके काढतात.

त्याच वेळी मातीत दडलेले बी जागे होते. बाभळीच्या कुळातल्या सिल्व्हर वॅटलचे टणक कवचाचे बी जमिनीत कित्येक दशके टिकून असते; आगीच्या उष्णतेने कवच तडकते आणि ते रुजते. बोरीच्या कुळातल्या पोमाडेरिसचेही तसेच. ज्या कुपात पूर्वी वॅटलचे एखाददुसरे म्हातारे झाड होते, किंवा तेही मरून गेलेले होते, तिथे आता त्याची गर्दी उसळते. निलगिरीची गोष्ट निराळी. तिचे बी मातीत टिकत नाही. ते झाडावरच्या लाकडी बोंडांत असते. वणव्यात झाड मेले तरी बोंडे उकलून बी राखेवर सांडते आणि हेक्टरी लाखांच्या घरात रोपे उठतात. कुपात झाडेच तोडून नेलेली असल्याने हे बी माणसाला टाकावे लागते.

दहा वर्षांत निलगिरीची रोपे दहा-बारा मीटरची होतात. बाहेरून आलेल्या माणसाला तिथे दाट, सरळ, हिरवे जंगल दिसते. ते जंगलच आहे. प्रश्न त्याच्या आत काय आहे आणि काय नाही, हा आहे.

नेच्याच्या खोडावर

याचे उत्तर शोधायला एका वृक्षनेच्याजवळ थांबू. 'डिक्सोनिया अंटार्क्टिका' हा इथला नेहमीचा वृक्षनेचा. त्याचे खोड म्हणजे लाकूड नव्हे. मधल्या बारीक गाभ्याभोवती त्याच्याच मुळांचे तपकिरी, तंतुमय, स्पंजासारखे जाड आवरण असते. पाऊस पडला की ते पाणी धरून ठेवते. हे खोड वर्षाला जेमतेम तीन ते पाच सेंटिमीटर वाढते. तीन मीटर उंचीचा वृक्षनेचा म्हणजे साठ ते शंभर वर्षांचा हिशेब.

या ओल्या आवरणावर दुसऱ्या वनस्पतींचा संसार असतो. हायमेनोफायलम या पडदानेच्यांची पाने जेमतेम एका पेशीइतकी जाड असतात. उजेडाकडे धरले तर आरपार दिसते. पाणी अडवून ठेवणारी साल किंवा मेण या पानांना नसते, त्यामुळे हवा कोरडी झाली की ती सुरकुततात आणि ओलावा मिळाला की उलगडतात. सावली आणि दमट हवा कायम असेल तरच त्यांचे भागते. शेजारी मेसिप्टेरिस लोंबत असतो. या प्राचीन कुळातल्या वनस्पतीला खरे मूळच नसते आणि तिचे घर म्हणजे मुख्यतः वृक्षनेच्यांची जुनी खोडे. त्याच खोडावर, जमिनीपासून हात-दीड हात उंचीवर, ससाफ्रासचे इवलेसे रोपटे रुजलेले दिसते. जंगलाच्या तळाशी पालापाचोळ्यात आणि दाट सावलीत जे बी गुदमरले असते, त्याला नेच्याचे खोड आसरा देते. तिथून ते मुळे खाली सोडते आणि पुढे झाड होते.

आता या नेच्यावरून वणवा जाऊ द्या. पाने जळतात, खोड काळे पडते, वरचा पडदानेचा होरपळतो. पण वाढीचा कोंब शेंड्यावर, जुन्या पानांच्या देठांत सुरक्षित असतो. काही आठवड्यांत त्यातून नवी पाने उलगडतात. खोड उभेच असते. म्हणून काही वर्षांत आजूबाजूच्या न जळलेल्या घळीतून बीजाणू येतात आणि त्या खोडावर पुन्हा वस्ती सुरू होते.

त्याच नेच्यावरून ओंडका ओढणारे यंत्र गेले, तर खोड मोडते किंवा मुळासकट उपटले जाते. पुढचा जाळ उरलेले संपवतो. बीजाणूपासून नवा नेचा उगवेलही; पण अंगावर दुसऱ्या वनस्पतींची वस्ती होऊ शकेल एवढे त्याचे खोड व्हायला अर्धे शतक जाईल. तोपर्यंत मेसिप्टेरिसने राहायचे कुठे? आग आणि यंत्र यांच्या परिणामांत सर्वांत मोठा फरक पडतो तो इथे. आगीतून काय वाचते, यावर पुढचे जंगल ठरते. आणि यंत्रापुढे नेमके तेच वाचत नाही.

यादी जुळते, गर्दी जुळत नाही

टास्मानियातले वनशास्त्रज्ञ हिकी यांनी १९९४ मध्ये जुन्या मिश्र वनाची तुलना तोडीनंतर उगवलेल्या आणि वणव्यानंतर उगवलेल्या तरुण रानांशी केली. त्यांचे निष्कर्ष दोन्ही बाजूंनी विचार करायला लावणारे आहेत. जुन्या जंगलातल्या बहुतेक जातींची नावे तोडीनंतरच्या रानातही सापडली. तोड म्हणजे वनस्पतींचा समूळ नाश, असे सरसकट म्हणता येत नाही. पण कोणती जात किती ठिकाणी आणि किती संख्येने, हे पाहिले तर चित्र बदलते. झाडांच्या अंगावर वाढणारे नेचे तोडीनंतर विरळ झाले होते. उलट नागरमोथ्याच्या कुळातले 'कटिंग ग्रास', ज्याच्या पात्याने हात कापतो, ते वाढले होते. जड यंत्रांनी दाबून घट्ट झालेल्या जमिनीवर आणि ओंडके ओढण्याच्या वाटांवर अशा चिवट जातींचे फावते.

व्हिक्टोरिया राज्यातल्या ओल्या जंगलांत ऑफ आणि मर्फी यांनी १९९६ मध्ये वृक्षनेच्यांचा आणि ऑफ यांनी २००१ मध्ये एकूण वनस्पतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथेही हेच दिसले. वणव्यातून तरलेल्या वृक्षनेच्यांच्या मानाने सरसकट तोडीतून तरलेले अगदी थोडे होते. मस्कसारखी झुडपे वणव्यानंतर बुंध्यातून पुन्हा फुटतात. यंत्राने मुळे उखडली गेली की त्यांना फुटायला बुंधाच राहत नाही.

थोडक्यात, वनस्पतींचे तीन गट पडतात. मातीत बी साठवणारे किंवा वाऱ्याने लांबवर बी पाठवणारे तोडीनंतर जोरात येतात. बुंध्यातून फुटणारे मागे पडतात. आणि जुन्या खोडांवर, कुजक्या ओंडक्यांवर, दमट सावलीत राहणारे सर्वांत उशिरा परततात. सरसकट तोड वारंवार होत राहिली, तर पहिल्या गटाचे राज्य कायमचे होते.

कडेपासूनचे अंतर

वर्षावनाच्या वृक्षांचे काय? मर्टल शेकडो वर्षे जगतो, पण त्याचे बी फार दूर जात नाही. बरेचसे आईच्या आसपासच पडते. ससाफ्रासचे केसाळ बी वाऱ्यावर तरंगत थोडे लांब जाते. सेलेरी-टॉप पाइनचे बी पक्षी नेतात. त्यामुळे कुपाच्या कडेला जुने जंगल शाबूत असेल तर त्या बाजूने वर्षावनाची रोपे आत येऊ लागतात. टास्मानियातल्या जुन्या कुपांमध्ये हे मोजले गेले आहे. कडेपासून आत जावे तसतशी या रोपांची संख्या झपाट्याने घटते. म्हणून लांबट, अरुंद कूप आणि मोठा चौकोनी कूप यांचे क्षेत्रफळ सारखे असले, तरी त्यांचे भवितव्य सारखे नसते.

लेदरवुडच्या बाबतीत तर माणसाच्या पोटापाण्याचा संबंध येतो. त्याच्या पांढऱ्या फुलांचा मध ही टास्मानियाची ओळख आहे आणि भरभरून फुलतात ती जुनी झाडे. कुपात लेदरवुडची रोपे परत आली, तरी मधमाशीपालकाला त्याच्या हयातीत त्यांचा उपयोग नाही. रोप आहे म्हणजे झाड आहे असे नव्हे, हे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

आणि हिशेब येथेच अडतो. या जंगलांतल्या तोडीचे चक्र साधारण ८० ते १०० वर्षांचे धरलेले असते. निलगिरीचे लाकूड तेवढ्यात तयार होते. पण जॅक्सन यांच्या मांडणीप्रमाणे मिश्र वन खऱ्या अर्थाने आकाराला यायला लागते तेच शंभरीनंतर. म्हणजे ज्या क्षणी खालचे वर्षावन उभे राहू लागेल, त्याच क्षणी पुढची तोड येणार.

वॉराचा प्रयोग

याला पर्याय शोधण्याचे प्रामाणिक प्रयत्नही टास्मानियातच झाले. दक्षिणेतल्या वॉरा इथे १९९५ मध्ये दीर्घकालीन संशोधनाचे केंद्र स्थापन झाले. तिथे शेजारशेजारच्या कुपांत तोडीच्या वेगवेगळ्या पद्धती करून पाहिल्या. एकात नेहमीची सरसकट तोड. एकात सरसकट तोडीतच ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशी 'बेटे' राखली, जिथे यंत्राने शिरायचे नाही. एकात पट्ट्यापट्ट्याने तोड, एकात विखुरलेली दहा टक्के झाडे राखून, तर एकात सुमारे तीस टक्के जंगल सलग तुकड्यांत राखून. निवड तोडही करून पाहिली.

यंत्राला मज्जाव केलेल्या बेटांत वृक्षनेचे आणि बुंध्यातून फुटणारी झुडपे वाचली, पण जाळाची धग काही बेटांना लागलीच. निवड तोडीत सावली टिकली. मात्र निलगिरीची रोपे नीट वाढली नाहीत आणि पडत्या झाडांखाली काम करणे मजुरांना धोक्याचे ठरले. सर्वांत आश्वासक वाटली ती सलग तुकडे राखण्याची पद्धत. पुढे जुन्या जंगलांतल्या कुपांसाठी ती स्वीकारताना एक नियम केला गेला: तोडलेल्या क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक भाग राखलेल्या जंगलापासून एका झाडाच्या उंचीइतक्या अंतरात असावा. बी, बीजाणू, सावली आणि दमट हवा यांची पोच तेवढीच असते, हे मर्टलने आणि पडदानेच्याने शिकवलेले गणित त्या नियमामागे आहे.

धोरणेही बदलत गेली. २०१३ मध्ये स्टिक्स आणि फ्लोरेंटाइन खोऱ्यांतली काही उंच जंगले जागतिक वारशाच्या क्षेत्रात घेतली गेली. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या सरकारने त्यातला ७४ हजार हेक्टरांचा भाग वगळण्याची मागणी केली. जागतिक वारसा समितीने ती फेटाळली. व्हिक्टोरियाने १ जानेवारी २०२४ पासून सरकारी मालकीच्या नैसर्गिक जंगलांतली व्यापारी तोड बंद केली. टास्मानियात ती अजून चालू आहे.

आपल्या रानासाठी

सह्याद्रीतल्या सदाहरित रानाला निलगिरीसारखी आगीची गरज नाही. आपल्याकडे वणवा हा नुकसानच करतो. म्हणून टास्मानियाचे धडे जसेच्या तसे इथे लागू होत नाहीत. पण एक धडा थेट लागू होतो. कोकणातली मालकीची रानं सरपणासाठी आणि कोळशासाठी ठरावीक वर्षांनी साफ तोडली जातात. ऐन, किंजळ अशी बुंध्यातून फुटणारी झाडे पुन्हा उठतात आणि डोंगर हिरवा दिसतो. त्याच गावच्या देवराईत जाऊन पाहावे. बेहड्याच्या जुन्या फांदीवर सीतेची वेणी फुललेली असते, गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा झालेला असतो, मोठ्या झाडाच्या ढोलीत धनेशाचे घरटे असते. तोडलेल्या डोंगरावर यातले काही सापडत नाही. त्यासाठी जुने खोड लागते आणि जुने खोड व्हायला कुणीतरी ते तोडायचे थांबावे लागते.

लाकूड माणसाला लागतेच, आणि ते कुठून तरी येणारच. पण तोडीनंतर 'जंगल परत आले' असे कुणी सांगितले, तर हिरवळ पाहून समाधान मानू नये. त्या रानात बुंध्यातून फुटणारी झाडे किती, बियांनी येणारी किती, जुनी खोडे किती राखली आणि त्या खोडांच्या अंगावर काय वाढते आहे, एवढे चार प्रश्न विचारावेत. दर ऐंशी वर्षांनी तोडलेल्या जमिनीवर साडेतीनशे वर्षांचे जंगल उभे राहत नाही. जे राखायचे आहे ते तोडीच्या आधीच आखून बाजूला ठेवावे लागते. नंतर ते कितीही बी पेरले तरी मिळत नाही.